'आभाळ आलंय' म्हणजे नेमकं काय आलं?

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत असतात आणि खालून कुणीतरी हाक देतं, "आभाळ आलंय गं!" वरची बाई लगबगीनं साडीची टोकं धरते आणि सगळा पसारा आत घेते. या वाक्यात कुरडया नाहीत, उचलणं नाही, पाऊससुद्धा नाही. आणि आभाळ येणार तरी कुठून? ते तर कायमच डोक्यावर असतं. तरीही वरच्या बाईला काहीही विचारावं लागत नाही.

शब्दांचा सरळ अर्थ कधी घ्यायचा आणि त्यापलीकडचा कधी, हे आपण दिवसभर नकळत ठरवत असतो. बहुतेक वेळा ते जमतं. फसतं ते अर्जात, दवाखान्यात, नव्या सुनेच्या सासरी, परीक्षेच्या पेपरात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात. म्हणून जे नकळत घडतं ते एकदा सावकाश, पायरीपायरीनं पाहू. व्याकरणाची भीती बाळगायचं कारण नाही. लागतील ते दोन-चार शब्द वाटेत समजावून घेऊ.

पहिली पायरी म्हणजे सरळ अर्थ घेऊन पाहणं. शब्द उच्चारल्याबरोबर जो अर्थ मनात उभा राहतो त्याला वाच्यार्थ म्हणतात आणि तो देण्याची शब्दाची जी ताकद, ती अभिधा. 'आज नळाला पाणी आलं', 'बाबा सहाच्या गाडीने येणार आहेत' ही वाक्यं इथंच संपतात. पुढं जायची गरज नाही, तर जाऊ नये. साध्या वाक्यात गूढ शोधत बसणाऱ्या माणसाशी बोलणं फार अवघड असतं.

पण सरळ अर्थ कोणता, इथंच पहिली गफलत होते. सरळ अर्थ म्हणजे शास्त्रातला अर्थ नव्हे, किंवा शब्दाच्या मुळाशी गेल्यावर सापडणारा अर्थही नव्हे. आज ती भाषा बोलणारी माणसं जो अर्थ घेतात, तो. यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेला आहे. अकोल्याच्या एका विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की विड्याचं पान वनस्पतीचंच असतं, म्हणजे ती भाजी, आणि भाजीवर विक्रीकर नाही. 1961 साली न्यायालयानं सांगितलं की करकायद्यातला असा शब्द वनस्पतिशास्त्राच्या नव्हे, रोजच्या व्यवहाराच्या अर्थानं घ्यायचा. बाजारात भाजी आणायला गेलेलं कुणी विड्याची पानं घेऊन घरी येत नाही. कर भरावा लागला.

शब्दाच्या मुळाशी जाणाऱ्यांचीही अशीच पंचाईत होते. 'आभाळ' हा शब्द संस्कृतातल्या 'अभ्र'वरून आला आणि अभ्र म्हणजे ढग. मग 'आभाळ आलंय' हेच खरं सरळ वाक्य आणि 'आभाळ निळं आहे' हे लाक्षणिक, असं म्हणायचं का? इतिहास म्हणून हे खरं आणि रंजक आहे, पण आज आभाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आधी आकाश येतं, तेव्हा हिशोब तिथूनच मांडायचा.

आता दुसरी पायरी. सरळ अर्थ कुठं अडतो का ते पाहायचं. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लाक्षणिक अर्थासाठी तीन अटी एकत्र मांडल्या. त्यांतली ही पहिली, तिचं नाव मुख्यार्थबाध, म्हणजे मुख्य अर्थाला आलेली अडचण. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यांनी पाठ केलेलं याचं उदाहरण म्हणजे 'घरावरून हत्ती गेला'. हत्ती कौलांवरून चालत गेला असेल तर घर उरलं नसतं. म्हणून 'वरून' म्हणजे 'जवळून' असा अर्थ आपण घेतो. त्या अर्थाला लक्ष्यार्थ म्हणतात आणि शब्दाच्या त्या शक्तीला लक्षणा.

अडचण नेहमी इतकी ढळढळीत नसते. देवळाबाहेर पाटी असते, 'चपला बाहेर काढाव्यात'. सरळ अर्थात काहीच चुकीचं नाही. पण बूट घातलेला माणूस 'हा नियम मला नाही' म्हणत गाभाऱ्यात शिरत नाही. इथं वाक्य अडत नाही, वाक्यामागचा हेतू अडतो. काशीत राहिलेले महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट यांनी नेमका हाच मुद्दा धरला होता. 'कावळ्यांपासून दही सांभाळ' असं सांगितलं, तर मांजर दही खाताना पोरानं बघत बसायचं का? 'कावळे' म्हणजे दही फस्त करणारं कुणीही. तेव्हा शब्द एकमेकांशी जुळतात की नाही एवढंच पाहून भागत नाही, बोलणाऱ्याला म्हणायचंय ते जुळतं का हे पाहावं लागतं. मला स्वतःला नागेशभट्टांचं म्हणणं मम्मटाच्या सुटसुटीत अटीपेक्षा व्यवहाराला जास्त जवळचं वाटतं.

आणि काही वेळा अडचण वस्तुस्थितीमुळे येते. 'तुला शंभरदा सांगितलं' यात व्याकरणाचं काही बिघडत नाही, फक्त कुणी मोजलेलं नसतं. 'पाच मिनिटांत पोचतो' हे तर मराठीत वेळेचं मापच नाही, तो दिलासा आहे. उलटही घडतं. 'डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती' ही अतिशयोक्ती असं बाहेरगावचा माणूस समजतो. सकाळच्या विरार लोकलनं जाणाऱ्याच्या तोंडी ते निव्वळ वर्णन असतं.

तिसरी पायरी म्हणजे दुवा शोधणं. सरळ अर्थ अडला म्हणून हवा तो अर्थ घेता येत नाही. जुन्या आणि नव्या अर्थात काहीतरी नातं असावं लागतं, ही मम्मटाची दुसरी अट. नाती ठरावीक असतात आणि एकदा लक्षात आली की सगळीकडं दिसू लागतात.

लग्नकार्यात आचारी विचारतो, "किती पानं?" त्याला माणसं विचारायची असतात. पूर्वी पंगतीत प्रत्येकापुढं केळीचं पान किंवा पत्रावळ असे, त्या शेजारामुळं पान म्हणजे माणूस. आज ताटं स्टीलची आली, लोक रांगेत उभे राहून वाढून घेऊ लागले, पण हिशोब अजून 'दोनशे पानं झाली' असाच होतो. हॉटेलातला पोऱ्या ओरडतो, "सहा नंबर बिल मागतोय." मागणारं टेबल नसतं, टेबलाशी बसलेलं गिऱ्हाईक असतं. सोसायटीच्या बैठकीत 'तिसऱ्या मजल्यानं अजून वर्गणी दिलेली नाही', रस्त्यावर "ए रिक्षा!", घरात 'दोन कप प्यायलो', वर्गात 'आम्हाला यंदा गडकरी आहेत'. जागा आणि जागेवरची माणसं, भांडं आणि भांड्यातलं, लेखक आणि त्याचं पुस्तक ही नाती. यात कविता अजिबात नाही. लाक्षणिक भाषा म्हणजे फुलोरा, हा समज इथंच सोडून द्यावा. ती सगळ्यात जास्त वापरतात घाईतली माणसं, कारण ती शब्द वाचवते.

दुसरं मोठं नातं साम्याचं. 'तो गाढव आहे' म्हणताना चार पाय अभिप्रेत नसतात. साम्यावर उभ्या असलेल्या लक्षणेला शास्त्रात गौणी म्हणतात आणि बाकीच्या नात्यांवरच्या लक्षणेला शुद्धा. नावं विसरलात तरी चालेल.

इथं एक फसगत नेहमीची आहे. 'तो गाढवासारखा राबतो' आणि 'तो गाढव आहे' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच टोपलीत टाकतो. पहिलं वाक्य शब्दशः खरं असू शकतं. दिवसभर ओझी वाहतो, कुरकुर करत नाही, तर तो खरोखरच गाढवासारखा राबतो. सारखा, जसा, प्रमाणे हे शब्द आले की साम्य उघड सांगितलेलं असतं, सरळ अर्थ कुठं अडत नाही. दुसरं वाक्य मात्र सरळ अर्थानं धडधडीत खोटं आहे, म्हणून तिथं लक्षणा कामाला येते. उपमा आणि रूपक यांच्यातली सीमारेषा ओळखायला ही खूण पुरते. शिवाय दोन्ही वाक्यांतलं गाढव एकच नाही. पहिलं कष्टाळू आहे, दुसरं मूर्ख.

चौथी पायरी थोडी रेंगाळण्यासारखी आहे. हा आडवाटेचा अर्थ का घेतला गेला? मम्मटाच्या तिसऱ्या अटीप्रमाणे कारण दोनच. एकतर तशी रूढी पडलेली असते, नाहीतर बोलणाऱ्याला त्यातून काही खास साधायचं असतं, म्हणजे प्रयोजन असतं.

रूढीचं काम इतकं मुरलेलं असतं की लक्षात येत नाही. घड्याळाचे काटे, करवतीचे दात, नारळाची शेंडी म्हणताना कुणालाही काही सजवल्यासारखं वाटत नाही. उसाचं पाहा. लागणीसाठी उसाचे तुकडे करतात त्यांना टिपरी म्हणतात आणि टिपऱ्यावर जिथून कोंब फुटतो त्या जागेला डोळा. 'एक डोळ्याची लागण करायची की दोन डोळ्यांची?' हा प्रश्न शेतकरी बियाण्याचा खर्च डोक्यात ठेवून विचारतो. शहरातल्या पाहुण्याला त्यात काव्य दिसेल, पण शेतकऱ्याच्या लेखी त्या भागाचं तेच नाव आहे, दुसरं नावच नाही. म्हणजे एके काळचा लक्ष्यार्थ वापरून वापरून वाच्यार्थ झाला. शब्दशः आणि लाक्षणिक यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे, आणि शब्द त्यावरून घसरत असतात.

वाक्प्रचार याच उतारावर राहतात आणि सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो, कारण एकच शब्दसमूह दोन्ही अर्थांनी फिरत असतो. 'त्याचा पाय घसरला' हे जिन्यातही घडतं आणि चारित्र्यातही. 'मोठे दिवे लावलेत!' हे दिवाळीच्या संध्याकाळी कौतुक आणि निकालाच्या दिवशी टोमणा. मग ओळखायचं कसं? दोन खुणा उपयोगी पडतात.

पहिली खूण प्रत्ययाची. 'शेतात पाणी सोडलं', 'नळाला पाणी सोडलं', इथं पाणी खरं. 'तिने माहेरच्या हिश्शावर पाणी सोडलं', इथं एक थेंबही नाही. शब्दाला 'वर' लागलं की अर्थ बदलला. याच्या मुळाशी दानाचा विधी आहे. दान देताना तळहातावरून पाणी सोडायचं, म्हणजे वस्तूवरचा आपला हक्क सुटला. तेव्हा हे वाक्य कधी काळी शब्दशः होतं. आज मात्र घरच्यांसमोर नुसतं तोंडी पाणी सोडून जमिनीचा हिस्सा सुटत नाही, त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. तसंच 'डोळा लागला' म्हणजे झोप आणि 'डोळ्याला लागलं' म्हणजे इजा. एका 'ला'चा फरक, पण चुकला तर निरोप पोचेपर्यंत घरचे धावत दवाखान्यात.

दुसरी खूण विशेषणाची, आणि ही आपण स्वतः करून पाहावी. संशयातल्या शब्दाला एक विशेषण लावायचं. 'जेवल्यावर डोळा लागला' ठीक, 'जेवल्यावर उजवा डोळा लागला' म्हटलं की ऐकणारा दचकतो. 'ती त्याला पाण्यात पाहते' म्हणजे द्वेष करते, पण 'ती त्याला गार पाण्यात पाहते' म्हटलं की तो पोहायला उतरलेला दिसू लागतो. वाक्प्रचार गोठलेला असतो, त्यात बाहेरचा शब्द खुपसला की सरळ अर्थ जागा होतो. हे पडताळणं शंभर टक्के चालत नाही. 'त्याने दोन्ही हात वर केले' यात जबाबदारी झटकण्याचा अर्थ शाबूत राहतो. तरी पुष्कळदा उलगडा होतो.

दवाखान्यात हा प्रश्न गमतीचा राहत नाही. 'पायाला मुंग्या आल्या' हे मराठी कानांना साधं वाटतं, पण जिथं डॉक्टर किंवा परिचारिका दुसऱ्या राज्यातून आलेली असते तिथं ते शब्दशः भाषांतर होऊन पोचू शकतं. त्याहून अवघड 'पोटात गोळा आला'. याचा एक अर्थ भीती वाटली, दुसरा पोटात कळ येऊन काहीतरी घट्ट गोळा झाल्यासारखं वाटतं, आणि तिसरा हाताला खरोखर गाठ लागते. तिन्ही अर्थांना शब्द तेच. आपण रुग्णाबरोबर गेला असाल तर इथं एक प्रश्न जास्तीचा विचारावा: "हात लावून दाखवा, कुठं?" बोट ठेवता आलं नाही, तरी ती भीतीच असं धरू नये, पोटातली कळ पुष्कळदा एका जागी दाखवता येत नाही. बोट नेमकं ठेवलं, तर डॉक्टरांना तसंच सांगावं, 'गोळा' या शब्दावर सोडू नये.

आता प्रयोजन. इथं बोलणारा मुद्दाम वळसा घेतो. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, कारण 'जातो' अशुभ. नारळ फोडायचा असतो पण आपण तो 'वाढवतो', दुकान रात्री बंद करायचं असतं पण तेही 'वाढवतो'. सरळ शब्द टाळण्यासाठी नेमका उलटा शब्द. नव्यानं मराठी शिकणाऱ्याला 'दुकान वाढवलं' म्हणजे शेजारचा गाळा घेतला असं वाटलं तर त्याला हसू नये. टोमणाही याच उलट्या वाटेनं येतो: "काय उपकार केलेत आमच्यावर!" तोंडावर ऐकलं तर सूर खरं काय ते सांगतो. लिहिलेल्या निरोपात सूर नसतो, म्हणून फोनवरच्या लेखी गप्पांत टोमणे सरळ आणि सरळ वाक्यं टोमण्यासारखी लागतात. लिहिताना शंका असेल तर टोमणा गाळावा, असं माझं मत.

शेवटची पायरी गच्चीवरच्या बाईची. 'आभाळ आलंय' याचा 'ढग जमलेत' हा अर्थ लागल्यावरही काम संपत नाही. तिला समजलं ते 'कुरडया उचल'. हा अर्थ वाक्यातल्या कुठल्याच शब्दातून निघत नाही. बोलणारी कोण, ऐकणारी कोण, वेळ कोणती, यांतून तो सुचतो. तो व्यंग्यार्थ आणि ती शक्ती व्यंजना. खळ्यावर हेच वाक्य म्हणजे 'ताडपत्री ओढा', शाळेत पोरांसाठी 'आता सोडतील' आणि मैदानावर पंचाच्या तोंडी 'खेळ आवरता घ्या'. नवव्या शतकात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' ग्रंथात याच सूचित अर्थाला काव्याचा आत्मा मानलं. सगळ्यांना ते पटलं नाही. महिमभट्टानं पुढं म्हटलं की ही शब्दाची शक्ती वगैरे काही नाही, ऐकणारा अनुमान काढतो इतकंच.

अनुमान म्हणा की व्यंजना, धोका एकच: सूचित अर्थ नाकारता येतो. सरकारी टेबलामागून 'चहापाण्याचं काय?' असा प्रश्न येतो तेव्हा विचारणाऱ्यानं तीच सोय पाहिलेली असते. पकडला गेला तर तो वाच्यार्थाच्या आड लपणार, मी चहाच मागितला होता. घरातही हेच चालतं. "भाजी संपली वाटतं," असं म्हणून गप्प बसणारी व्यक्ती आणि ते नुसती माहिती समजून पेपर वाचत राहणारी व्यक्ती, या जोडीचं भांडण मिटत नाही, कारण दोघंही बरोबर असतात.

उरलं लिहिणाऱ्यांचं. अलीकडं 'अक्षरशः' हा शब्द पार झिजलाय. 'मी अक्षरशः मेलो' असं जिवंत माणूस सांगतो. बोलण्यात चालून जातं, पण तक्रार अर्जात 'पाणी अक्षरशः गुडघाभर साचलं होतं' असं लिहाल तर साहेब ते फुगवलेलं समजेल. 'दोन फूट पाणी साचलं होतं' लिहा आणि फोटो जोडा. अर्ज, औषधाची सूचना, भाडेकरार, पत्ता या ठिकाणी पहिल्या पायरीपुढं जाऊच नये.

बातमी लिहिताना उलटी खबरदारी लागते. मेलेला समजलेला सरळ अर्थ विषयाची चाहूल लागताच उठून बसतो. 'पूरग्रस्तांवर आश्वासनांचा पाऊस' या मथळ्यात पाऊस झोपून राहत नाही. 'पाणीपट्टीच्या थकबाकीवर पालिकेने पाणी सोडलं' वाचून माणूस आधी हसतो आणि मग नळ उघडून बघतो. मथळा लिहून झाला की तो शब्दशः अर्थानं एकदा वाचावा, आणि नळ उघडावासा वाटला तर 'थकबाकी माफ केली' असं लिहून मोकळं व्हावं.